पासष्टीनंतर एकवीस हजारांची अट कशासाठी?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या महिलांची नावे ‘लाडकी बहीण’ योजनेतून कमी केल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. घरात चारचाकी असणाऱ्या, सरकारी नोकरीत असूनही पैसे उचलणाऱ्या आणि या म्हाताऱ्या बायका, अशा सगळ्यांना एकाच ओळीत बसवून ‘अपात्र लाभार्थी’ म्हटलेले असते. ते वाचून जीव तुटतो. या बायकांनी कुणाला फसवलेले नाही. त्यांचे वय वाढले, एवढेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी वगळलेल्या पाच लाख महिलांचा तपशील दिला होता. त्यात पासष्टीच्या वरच्या १ लाख १० हजार होत्या. त्यांना पुढे कुठे पाठवले, हे कुणी विचारले नाही. विचारलेच तर ‘त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे’ असे उत्तर ठरलेले असते. बहुतेकींच्या बाबतीत हे उत्तर लागू पडत नाही. त्या योजनेच्या वर्षाला २१,००० उत्पन्नाच्या अटीमुळे ते का पडत नाही, हे हिशेबाने सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण शक्य तो काटछाट करू नये ही विनंती.

मी विटाव्यात राहते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात आधी टाइम ऑफिसला आणि नंतर पगार विभागात माझी सगळी नोकरी झाली. हजेरीपत्रक, ओव्हरटाइम, पीएफची चलने, निवृत्त होणाऱ्याचा पेन्शनच्या अर्जाचा दहा-डी फॉर्म, गेलेल्या कामगाराच्या बायकोच्या पेन्शनचे कागद हे माझे रोजचे काम. कारखाना बंद झाला, त्या जागी आता गोदाम आहे. कागद मात्र थांबले नाहीत. विटावा, कळवा, खारीगाव, दिघा इथली ओळखीची माणसे प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, घालून अजून माझ्या घरी येतात. त्यांत बायका जास्त. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते ऐकीव नाही.

आधी दोन्ही योजनांच्या अटी शेजारी शेजारी ठेवून पाहा. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिन्याला १,५०० रुपये. घरात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागायचा नाही, असे शासनानेच ठरवले. चांगला निर्णय होता. त्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या बायकांना दाखल्यासाठी रांगा लावाव्या लागल्या नाहीत आणि कुणाला त्यासाठी पैसेही मोजावे लागले नाहीत.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना पासष्टीच्या वरच्या स्त्री-पुरुषांसाठी आहे. तिचेही महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर ठीक, नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसील कार्यालयाचा दाखला लागतो. इथे रेशनकार्ड चालत नाही.

अडीच लाखांना बाराने भागले तर महिन्याचे २०,८३३ येतात. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी बाईच्या घरात एका महिन्यात जेवढे पैसे आलेले शासनाला चालतात, जवळपास तेवढेच पासष्टाव्या वर्षी तिच्या घरात अख्ख्या वर्षात आले पाहिजेत. सरकार तेच, तालुका तोच, रक्कम तीच, घरही तेच. वाढदिवस झाला आणि गरिबीचे माप बदलले. याच राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. पासष्टीच्या वरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा असल्या वस्तूंसाठी तीत एकदाच ३,००० रुपये मिळतात. तिची उत्पन्नमर्यादा दोन लाख आहे. म्हणजे दोन लाख उत्पन्नाच्या घरातल्या म्हाताऱ्याला चष्मा परवडत नाही हे शासनाला पटते आणि २२,००० उत्पन्नाच्या घरातल्या म्हातारीला पोट भरता येत नाही हे पटत नाही. हे नियम करणाऱ्यांनी एकदा तरी एका टेबलावर बसून बघायला हवे होते.

२१,००० म्हणजे घराला महिन्याचे १,७५०. विटाव्यात पत्र्याच्या छपराची दहा बाय बाराची खोलीही या पैशांत भाड्याने मिळत नाही. गॅसचा सिलिंडरच साडेआठशेच्या वर गेला आहे. श्रावणबाळच्या मानधनाची रक्कम ६०० ची १,००० झाली, जुलै २०२३ मध्ये १,५०० झाली. दिव्यांगांसाठी तर आता अडीच हजार केली आणि त्यांची उत्पन्नमर्यादा आधीच ५०,००० आहे. त्याचा आनंदच आहे. पण म्हाताऱ्यांची मर्यादा २१,००० वरून हलली नाही. रक्कम वाढवली की फलक लागतात, मर्यादा वाढवली तर कुणाला दिसतही नाही, म्हणून ती तशीच पडून राहिली असावी असे मला वाटते.

आता आमच्या आळीतल्या एका घराचा हिशेब सांगते. नावे घेत नाही. घरधनी टर्नर होते. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. आधी पीएफ नसलेल्या वर्कशॉपमध्ये होते, १९९५ च्या नोव्हेंबरात रबाळ्याच्या एका कंपनीत कायम झाले. त्याच महिन्यात, १६ नोव्हेंबर १९९५ ला, कामगारांची पेन्शन योजना सुरू झाली होती. त्यामुळे त्यांची पेन्शन पहिल्या दिवसापासून मोजली गेली. जुलै २०१४ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण होऊन ते निवृत्त झाले. अठरा वर्षे आणि वर आठ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा नियमाने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून एकोणीस वर्षे. पगार प्रत्यक्षात कितीही असला तरी पेन्शनसाठी तेव्हा तो ६,५०० रुपयेच धरत. ६,५०० गुणिले १९ भागिले ७०. येतात १,७६४ रुपये. १ सप्टेंबर २०१४ पासून ६,५०० ची मर्यादा १५,००० झाली. भाऊ त्याच्या महिनाभर आधी गेटबाहेर पडले होते, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्यात १,७६४ आले, शेवटच्या महिन्यातही १,७६४ च आले.

२०२१ मध्ये भाऊंना पासष्ट पूर्ण झाली. श्रावणबाळचा अर्ज मीच भरून दिला. बायको पोळ्या लाटायला जात होती, पण ते काम लॉकडाऊनमध्ये सुटले होते आणि परत लागले नव्हते. घरात येणारा पैसा म्हणजे ही पेन्शन. वर्षाचे २१,१६८ रुपये. मर्यादा २१,०००. वर्षाला १६८ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला १४. अर्ज टेबलावरूनच परत आला. समोरचा माणूस उद्धट नव्हता. त्याने पासबुकातली नोंद पेनाने दाखवली आणि म्हणाला, “काका, मी तरी काय करू, नियमात बसत नाही.” त्याचे बरोबरच होते. नियमच तसा आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात भाऊ गेले. वहिनींना त्यांच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे ८८२ रुपये बसली असती. किमान पेन्शन १,००० ठरलेली असल्यामुळे १,००० मिळू लागली. एव्हाना पारसिकनगरच्या एका घरी पोळ्यांचे काम पुन्हा लागले होते, त्याचे २,५०० मिळतात. जुलै २०२४ पासून लाडकी बहिणीचे १,५०० आले. असे मिळून पाच हजार. मुलगा दिव्याला राहतो, रिक्षा चालवतो, रिक्षेवर कर्ज आहे, दोन पोरे शाळेत. तो सणावाराला काही ना काही आणतो. त्यापलीकडे त्याची ऐपत नाही हे आईला ठाऊक आहे. त्या पाच हजारांत वहिनींचे दीड वर्ष बरे गेले. रक्तदाबाच्या गोळ्या त्या पहिल्यांदाच पूर्ण महिन्याच्या घेऊ लागल्या. एरवी दिवसाआड घ्यायच्या. हे मला त्यांनी सांगितले नव्हते, औषधवाल्याने सांगितले.

२०२५ मध्ये वहिनी पासष्टच्या झाल्या आणि हप्ता बंद झाला. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. हिशेब सोपा होता. पेन्शनचे वर्षाला १२,०००, पोळ्यांचे ३०,०००, एकूण ४२,०००. लाडकी बहिणीच्या मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याहून थोडे जास्त आणि श्रावणबाळच्या मर्यादेच्या बरोबर दुप्पट. तहसील कार्यालयात त्यांना विचारले गेले, “मुलगा आहे ना?” आणि “आजी, एकवीस हजारांच्या आतला दाखला आणा, मग बघू.” बस्स, विषय संपला.

नियमात बसायचा एकच सरळ मार्ग वहिनींपुढे आहे. पोळ्यांचे काम सोडायचे. ते सोडले की उत्पन्न १२,००० वर येते आणि त्या पात्र होतात. म्हणजे महिन्याचे २,५०० टाकायचे तेव्हा १,५०० हाती येणार. गुडघे धरलेली, दुसऱ्याच्या ओट्यापाशी दीड तास उभी राहून वीस-पंचवीस पोळ्या लाटणारी बाई अजून काम करते याचे शासनाला कौतुक वाटायला हवे. नियम तिला सांगतो की घरी बस, मगच मदत देतो.

दुसराही एक मार्ग आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेल्या एकाने तो वहिनींना लगेच सांगितला. “दाखला बसवून देतो, वीस हजारांचा करू.” अर्जाबरोबर स्वयंघोषणापत्र असते. वरील माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास मी कायद्याने शिक्षेस पात्र राहीन, असे त्यावर छापलेले असते. खाली सही किंवा अंगठा. मी ते त्यांना वाचून दाखवले. वहिनी म्हणाल्या, “खोट्यावर अंगठा कशाला देऊ ताई? यांनी जन्मात कंपनीचा एक स्क्रू घरी आणला नाही.” आणि कागद पिशवीत घालून त्या गेल्या.

संपादक महोदय, मला या बाबीची सर्वांत जास्त चीड आहे. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून जे उत्पन्नाचे दाखले गेले, त्यांतल्या बहुतेकांवर वीस हजार नाहीतर एकवीस हजार हाच आकडा असतो. ठाणे शहरात वर्षाला वीस हजारांत कुणाचे घर चालत नाही, हे दाखला मागणाऱ्याला कळते, देणाऱ्याला कळते आणि तपासणाऱ्यालाही कळते. तरी गाडा चालू आहे, कारण खरे लिहिले तर योजनेत कुणी उरणारच नाही. शासनाने अशी मर्यादा ठेवली आहे की जी पाळायची तर म्हाताऱ्या माणसाला खोटे बोलावेच लागते. जो खोटे बोलला तो पडताळणीची बातमी आली की धास्तावतो. माझ्याकडे अशा बायका येतात आणि हलक्या आवाजात विचारतात की मागचे पैसे परत मागतील का. जो खरे बोलला तो वहिनींसारखा बाहेर राहतो. ज्यांनी साठ-पासष्ट वर्षे मान वर करून कष्ट केले, त्यांना आयुष्याच्या या टोकाला कागदावर खोटे ठरवायचे, हे कल्याणकारी राज्याला शोभत नाही.

पात्र ठरलेल्यांचेही सगळे सुरळीत आहे असे नाही. डिसेंबर २०२४ पासून संजय गांधी निराधार योजनेचे आणि श्रावणबाळचे पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले. मधली साखळी तुटली, हे उत्तम झाले. पण पैसे आधार ज्या खात्याला शेवटचे जोडले त्या खात्यात पडतात. दिघ्याच्या एका आजींचे तीन महिने पैसे ‘आलेच नाहीत’. पासबुक भरून आणले तरी नोंद नाही. शेवटी शोधता शोधता कळले की नाक्यावर सिमकार्ड घेताना कुणीतरी त्यांचा अंगठा घेऊन दुसरेच एक खाते उघडले होते आणि पैसे तिकडे साठत होते. आणि अंगठा तरी कुठे नीट उठतो? जन्मभर भांडी घासलेल्या हाताच्या रेषा गेलेल्या असतात. मशिनवाला बोट पुसतो, तेल लावतो, पुन्हा दाबायला सांगतो, मग दुसरे बोट, मग दुसरा हात. मागे रांग असते. आजी ओशाळून हसत राहतात, जणू त्यांचाच काही गुन्हा झाला. चेहरा दाखवून हयातीचा दाखला काढायची सोय कामगार पेन्शनला आहे आणि ती चांगली चालते. मी स्वतः मोबाइलवर कितीतरी जणांचे दाखले काढून दिले आहेत. तीच सोय सगळीकडे सक्तीने द्यायला हवी.

नवी मुंबईकरांचे हाल आणखी वेगळे. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे भाग महानगरपालिकेसाठी नवी मुंबई असले तरी महसुली हिशेबाने ठाणे तालुक्यातच मोडतात. नेरूळच्या झोपडपट्टीतल्या बाईला एका सहीसाठी लोकल पकडून ठाण्याला यावे लागते आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून परत जावे लागते.

केंद्राविषयीही लिहिले पाहिजे, कारण तिथूनच हे सुरू होते. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्र सरकार महिन्याला २०० रुपये देते. दोनशे. ऐंशी ओलांडल्यावर ५००. दीड दशकाहून जास्त काळ हा दोनशेचा आकडा तसाच आहे. आपल्याकडे राज्य सरकार वरचे १,३०० घालून १,५०० करते, म्हणून तो लोकांच्या डोळ्यांवर येत नाही. कामगार पेन्शनचे तसेच. किमान १,००० रुपये १ सप्टेंबर २०१४ पासून. त्याच्या आधीच्या वर्षी भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० ची शिफारस केली होती. अकरा वर्षे झाली, हजाराचे हजारच आहेत. पेन्शनरांच्या संघटना ७,५०० आणि महागाई भत्ता मागत आहेत, दिल्लीपर्यंत जाऊन आल्या. हा पैसा सरकारने दयेपोटी दिलेला नाही. कामगाराच्या नावे मालकाच्या हिश्श्यातून दर महिन्याला ८.३३ टक्के त्या निधीत गेले आहेत. ती चलने मी माझ्या हाताने भरली आहेत. स्वतःच्या घामाची पेन्शन ‘उत्पन्न’ धरून त्याच माणसाला म्हातारपणाच्या मदतीतून बाहेर काढायचे, हा अन्याय मला कुठल्याच अंगाने समजत नाही. भाऊ आयुष्यभर पीएफ नसलेल्या वर्कशॉपमध्येच राहिले असते तर श्रावणबाळमध्ये बसले असते. कायम नोकरी लागली हेच त्यांच्या आड आले.

पैसा आणायचा कुठून, असे विचारले जाईल. विचारावेच. लाडकी बहिणीसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद होती. मी त्यात वाढ मागत नाही. जी बाई काल १,५०० घेत होती, तिचेच १,५०० उद्याही चालू ठेवा, एवढे मागते आहे. नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत जाईल, खर्च एका खात्यातून दुसऱ्या खात्यावर पडेल. अट पुरुषांसाठीही सैल केली तर त्यांचा बोजा नवा पडेल, हे खरे आहे. पण साठीनंतर वॉचमनची बारा तासांची ड्युटी करणारे किती म्हातारे ठाण्याच्या नव्या टॉवरांच्या गेटवर उभे आहेत, ते घोडबंदर रोडवरून रात्री एक फेरी मारली तर कुणालाही दिसेल. त्यांच्यावर थोडा खर्च झाला तर बिघडत नाही. केरळात सामाजिक सुरक्षा पेन्शनसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे. आंध्रात जुलै २०२४ पासून वृद्धांना महिन्याला ४,००० मिळतात. महाराष्ट्र या राज्यांपेक्षा गरीब नाही.

‘आईबापांना मुलांनी सांभाळावे, सरकारने किती करायचे’ असेही मी ऐकते, आणि ते म्हणणारे बहुधा स्वतः सरकारी पेन्शनवर असतात. मुलांनी सांभाळावे म्हणून २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. मोठ्या फ्लॅटवरून भांडणाऱ्या घरांत त्याचा उपयोग होतो. रिक्षेचा हप्ता भरून ज्याच्याकडे पोरांच्या दप्तराचे पैसे उरत नाहीत, त्याच्यावर कुठली आई दावा लावेल, आणि लावला तरी मिळणार काय? वहिनींचा मुलगा वाईट नाही, गरीब आहे. मुलगा असणे आणि आधार असणे या दोन गोष्टी एकच समजून नियम लिहिले गेले आहेत.

करायला फार अवघड नाही असे काही सुचवते. लाडकी बहीण योजनेत जिची पडताळणी आधीच झाली आहे, तिला पासष्ट पूर्ण होतील त्या महिन्यापासून श्रावणबाळमध्ये आपोआप वर्ग करावे. तिचे आधार, बँक खाते, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, सगळे शासनाकडे आहे. पुन्हा तेच कागद घेऊन तिला रांगेत उभे करण्याची गरज नाही. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड जर एकवीस ते पासष्ट वयाच्या बाईची गरिबी सिद्ध करायला पुरते, तर पासष्टीच्या पुढेही पुरले पाहिजे, आणि पुरुषांनाही. केशरी कार्डाची स्वतःची मर्यादाच एक लाखाची आहे. आणि कामगार पेन्शन योजनेतून मिळणारी तुटपुंजी रक्कम उत्पन्नात धरू नये. या तिन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही, सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय पुरतो. लाडकी बहिणीच्या पहिल्या दोन महिन्यांत शासनाने वय आणि कागदपत्रांच्या अटी कितीतरी वेळा बदलून सैल केल्या. मनात आणले तर किती भराभर होते, ते सगळ्यांनी पाहिले आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री आमच्या ठाण्याचे होते, आज ते उपमुख्यमंत्री आहेत. कामगारवस्तीतले घर कसे चालते हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे अठरा मतदारसंघ आहेत. येत्या अधिवेशनात या अठरांपैकी कुणी एका आमदाराने दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात. वय पूर्ण झाल्याने लाडकी बहीण योजनेतून ज्या महिला वगळल्या, त्यांतल्या किती जणींना श्रावणबाळचा लाभ आजपर्यंत सुरू झाला? आणि बाकीच्यांचे अर्ज कोणत्या कारणाने नाकारले? जिल्हावार उत्तर मागावे. उत्तर आले की ते आपण आपल्या अंकात ठळक छापावे, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. वहिनींचा अर्ज मी खऱ्या उत्पन्नाचा आकडा घालून पुन्हा दिला आहे. नाकारला तर नाकारण्याचे कारण लेखी द्यावे, असे त्यावरच लिहिले आहे. पोच घेतली आहे.

माझे नाव कृपया छापू नये. नावावरून ज्यांच्याविषयी लिहिले त्यांची ओळख लागेल, आणि त्या घराला आधीच पुष्कळ सोसावे लागले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पगार-लिपिक,
विटावा, ठाणे